पॅटर्न प्रिव्ह्यू: काढायला झकास, ठरवायला अपुरा

फोटोशॉपमधला पॅटर्न प्रिव्ह्यू, म्हणजे नक्षी पसरल्यावर कशी दिसेल ते आधीच दाखवणारी सोय, मी रोज वापरते, आणि तरीही निव्वळ त्याच्या भरवशावर एकही डिझाइन छपाईला पाठवत नाही. माझं काम कापडावर छापायच्या नक्षीचं. एक चौकोन काढायचा, तो चारी बाजूंनी स्वतःलाच जुळला पाहिजे, आणि मीटरच्या मीटर कापडावर पसरला तरी तो कुठे सुरू झाला नि कुठे संपला हे बघणाऱ्याला कळता कामा नये. आमच्या बोलण्यात त्या चौकोनाला टाइल म्हणतात आणि पसरण्याला रिपीट. रिपीट आधीच डोळ्यांनी बघता येणं ही या कामातली सगळ्यात मोठी गरज, आणि ते बघणं दर वेळी हातानं उभं करावं लागू नये ही त्याच्या लगेच खालची.

आधी कौतुक. हा प्रिव्ह्यू ऑक्टोबर २०२० मध्ये, फोटोशॉपच्या २२.० आवृत्तीत आला. त्याआधी आम्ही सगळे ऑफसेट फिल्टरवर जगत होतो. 'फिल्टर'मध्ये 'अदर', त्यात 'ऑफसेट', खाली 'रॅप अराउंड' निवडायचं, आडवं-उभं निम्म्यानं सरकवायचं, कडा मधोमध आल्या की जोड रंगवून बुजवायचा, मग पुन्हा मूळ जागी सरकवायचं. शिवाय हा फिल्टर एका वेळी निवडलेल्या एकाच लेयरवर, म्हणजे चित्राच्या एकाच थरावर, चालतो. फुलं एका लेयरवर, पानं दुसऱ्यावर, जमीन (नक्षीमागची पार्श्वभूमी) तिसऱ्यावर असेल तर सगळं चपटं करा नाहीतर प्रत्येक लेयर वेगळा सरकवा. जोड बुजवता बुजवता मधल्या भागात नक्षी नेहमीच जरा जास्त दाटायची, आणि जुन्या ऑफसेटवाल्या डिझाइनची ती खूण मला आजही ओळखता येते.

आता 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'पॅटर्न प्रिव्ह्यू' चालू केलं की कॅनव्हासभोवती त्याच चित्राच्या प्रती पसरतात. एखादं फूल उचलून उजव्या कडेबाहेर अर्धं ढकललं, की उरलेलं अर्धं डावीकडून आत येतं. फूल हातात धरून इकडेतिकडे फिरवत, शेजाऱ्यांशी त्याचं कसं जमतंय ते त्याच क्षणी बघता येतं. मांडणी करताना यापेक्षा जास्त मी काही मागणार नाही. चालू करताना एक सूचना येते, की हा प्रकार स्मार्ट लेयरवर, म्हणजे मूळ चित्र आत जपून ठेवणाऱ्या स्मार्ट ऑब्जेक्टवर, उत्तम चालतो. ती सूचना मनावर घ्या. प्रत्येक आकृती स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवली तर ती मोठी-छोटी करा, फिरवा, कडेबाहेर नेऊन परत आणा, मूळ चित्राची प्रत तशीच शाबूत राहते.

अडचणी इथून पुढे सुरू होतात.

पहिली म्हणजे हे निव्वळ दाखवणं आहे. दिसतंय म्हणून थेट पीएनजी काढायला गेलात, तर कॅनव्हासबाहेर लोंबणारं अर्धं फूल कापलं जातं आणि पलीकडच्या बाजूला उगवत नाही. प्रिव्ह्यू चालू असतानाच 'एडिट'मधून 'डिफाइन पॅटर्न' करायचं, मग तेवढ्याच मापाची नवी फाइल उघडून ती त्या पॅटर्ननं भरायची, तेव्हा कुठे खरी टाइल हाती लागते. एकदा समजलं की सोपं आहे, पण प्रत्येक फेरीला करायचं तर कंटाळवाणं. त्यात 'डिफाइन पॅटर्न' म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत. नंतर मूळ चित्रात एक पान हलवलं तरी तो पॅटर्न जुनाच राहतो. आठवडाभर काम केलं की पॅटर्न पॅनेलमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या चौकोनांची रांग लागते आणि त्यातला ताजा कोणता हे त्या रांगेलाही माहीत नसतं.

दुसरी अडचण मोठी. हा प्रिव्ह्यू फक्त सरळ रिपीट जाणतो, म्हणजे टाइलशेजारी टाइल, सरळ रांगेत. कापडाच्या कामात मात्र हाफ-ड्रॉपशिवाय पान हलत नाही. त्यात शेजारचा उभा स्तंभ अर्ध्या उंचीनं खाली सरकलेला असतो, त्यामुळे डोळा तिरका फिरतो आणि चौकोनीपणा लपतो. ब्रिक म्हणजे तेच, फक्त आडव्या रांगा अर्ध्या रुंदीनं सरकलेल्या. फोटोशॉपला थेट विचारलं तर दोन्हीचं उत्तर नाही. फोटोशॉपच्या सीएस६ आवृत्तीत, २०१२ साली, 'स्क्रिप्टेड पॅटर्न्स' आले आणि त्यात 'ब्रिक फिल' आहे खरं, पण ते भरण्याचं काम आहे. भरून झालं की पिक्सेल पडून राहतात, चित्राबरोबर बदलत नाहीत.

यावरचा तोडगा गणितात आहे आणि तो कळल्यावर मला अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. कुठलीही हाफ-ड्रॉप नक्षी ही दुप्पट रुंद टाइलची सरळ नक्षीच असते. मूळ टाइल डावीकडे ठेवा, उजवीकडे तीच टाइल अर्ध्या उंचीनं गुंडाळून सरकवलेली ठेवा, म्हणजे खालून बाहेर गेलेला भाग वरून आत आणलेली. हा जोडचौकोन सरळ रिपीटमध्ये टाका, दिसेल ते तंतोतंत हाफ-ड्रॉप. ब्रिकसाठी रुंदी तीच, उंची दुप्पट आणि खालची प्रत अर्ध्या रुंदीनं सरकलेली. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरला फक्त सरळ रिपीट कळतं, त्यालाही हाफ-ड्रॉप दाखवायला लावता येतं. हा जोडचौकोन दर वेळी हातानं करत बसायचा नाही, एवढंच.

इथे स्वयंचलनाचा पहिला आणि सगळ्यात मोहक उपाय समोर येतो, तो म्हणजे अ‍ॅक्शन. रेकॉर्डचं बटण दाबा, एकदा सगळं करून दाखवा, पुढे एका कळीवर चालू. अडतं कुठे, तर अ‍ॅक्शन आकडे पाठ करते. २००० पिक्सेलच्या टाइलवर 'ऑफसेट १०००' शिकवलं, की ३६०० च्या टाइललाही ती १००० च देते. कॅनव्हास वाढवण्याच्या पायरीला मात्र पळवाट आहे. पट्टीचं एकक टक्क्यांवर ठेवून रेकॉर्ड केलं तर '२०० टक्के रुंदी' असं लक्षात राहतं आणि कुठल्याही मापाला चालतं. ऑफसेटचं तसं नाही, तो पिक्सेलच मागतो. म्हणून मी प्रत्येक मापाची वेगळी अ‍ॅक्शन ठेवण्यापेक्षा सगळ्या टाइलींचं माप ठरावीक ठेवणं पसंत केलं.

मापाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण प्रिव्ह्यूत दिसणाऱ्या निम्म्या भुतांचं मूळ इथे आहे. रोटरी स्क्रीन छपाईत, म्हणजे फिरत्या रोलरनं कापड छापण्यात, रोलरचा प्रचलित घेर ६४ सेंटिमीटर. त्यामुळे रिपीटची उंची ६४, ३२, १६ अशी, म्हणजे ६४ ला पूर्ण भाग जाईल अशी धरायची. सवयीनं आपण फाइल ३०० पिक्सेल प्रति इंच ठेवतो. ६४ सेंटिमीटरचे तिथे ७५५९.०६ पिक्सेल होतात. सॉफ्टवेअर ते ७५५९ करतं. त्याचं निम्मं ३७७९.५. आता हाफ-ड्रॉपसाठी अर्धा पिक्सेल कुठून आणणार? एकतर एका बाजूला जोड एका पिक्सेलनं चुकतो, नाहीतर सॉफ्टवेअर मधली सरासरी काढून कडेला धूसर रेघ ठेवतं. त्याऐवजी फाइल २५४ पिक्सेल प्रति इंचावर करा. एका इंचात २.५४ सेंटिमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला बरोबर १०० पिक्सेल. ६४ चे ६४००, निम्मे ३२००, चतुर्थांश १६००, सगळे पूर्णांक. छपाईत इंचामागे ४६ पिक्सेलचा फरक कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. सरकवणं, दुप्पट करणं आणि लहान करणं मात्र सगळं बिनरेघेचं होतं. आधी हे जमवा, मग स्वयंचलन करा. उलट क्रमानं केलं तर चुकीची रेघ मोठ्या वेगानं तयार होईल, इतकंच.

आता मी प्रत्यक्षात वापरते ती मांडणी. तिला एक ओळही कोड लागत नाही. फोटोशॉप सीसीमध्ये २०१४ पासून स्मार्ट ऑब्जेक्ट बाहेरच्या फाइलशी जोडलेला ठेवता येतो, 'प्लेस लिंक्ड' म्हणतात त्याला. मी एक वेगळी तपासणी-फाइल केली. तिच्यात तयार टाइल एकदा जोडली आणि त्याच लेयरच्या साध्या प्रती काढून मांडल्या. डावीकडे प्रत्यक्ष मापाचा तुकडा, जिथे टाइलीचे चार कोपरे एकत्र येतात तो. मध्ये २५ टक्क्यांवर सरळ रिपीट. उजवीकडे २५ टक्क्यांवरच हाफ-ड्रॉप, स्तंभ एक सोडून एक खाली. सगळ्या प्रतींचा मूळ स्रोत एकच, त्यामुळे टाइलची फाइल बदलून सेव्ह केली की तपासणी-फाइलमधले सगळे तुकडे बदलतात. ती त्या वेळी बंद असेल तर पुढच्या वेळी उघडल्यावर 'अपडेट' सांगावं लागतं. नवं डिझाइन असेल तर 'रीलिंक टू फाइल' करून दुसरी टाइल दाखवायची. एक सावधगिरी बाळगा: प्रती साध्या डुप्लिकेटनंच काढा. 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' केलं तर ती प्रत स्वतंत्र होते आणि एकीत केलेला बदल दुसरीला कळत नाही.

या फाइलमधला माझा सगळ्यात लाडका तुकडा चौथा आहे. २५ टक्क्यांचीच रिपीट, वरून काळी-पांढरी केलेली आणि चांगलीच धूसर केलेली. स्मार्ट ऑब्जेक्टवर गॉशियन ब्लर स्मार्ट फिल्टर म्हणून बसतो, त्यामुळे टाइल बदलली की धूसरपणाही नव्यानं लागतो. बघायला हा तुकडा कुरूप आहे, पण बाकीचे तीन लपवतात ते तो सांगतो. रिपीटमध्ये दोन दोष नेहमी लपतात. ओळी पडणं म्हणजे सगळी गडद फुलं नकळत एका तिरक्या रेषेत येणं, आणि खड्डे पडणं म्हणजे दोन आकृत्यांमधली मोकळी जागा प्रत्येक टाइलीत त्याच ठिकाणी राहून कापडभर ठिपक्यांसारखी दिसणं. फुलाच्या पाकळीकडे बघत असताना हे दिसत नाही. रंग नि तपशील काढून टाकले, की उरतो तो फक्त गडद-फिक्याचा तोल, आणि ओळ पडली असेल तर ती पट्ट्यासारखी उठून येते. माझी मुख्य तक्रारही हीच. फोटोशॉपचा प्रिव्ह्यू आपण काम करायच्या अंतरावरून बघतो, कापड बघणारा खोलीच्या पलीकडून. झूम कमी करून बघता येतं, पण रंगवण्याच्या तंद्रीत ते दर वेळी कोण करतं?

यापुढची पायरी स्क्रिप्टची. 'फाइल'मध्ये 'स्क्रिप्ट्स', त्यात 'स्क्रिप्ट इव्हेंट्स मॅनेजर' अशी एक खिडकी आहे. बऱ्याच जणांनी ती कधी उघडलेलीही नसते. तिथे 'सेव्ह डॉक्युमेंट' ही घटना निवडून तिच्याशी अ‍ॅक्शन किंवा जावास्क्रिप्टची फाइल बांधता येते. म्हणजे सेव्ह केलं की तपासणीचं चित्र आपोआप तयार. स्क्रिप्टचा अ‍ॅक्शनपेक्षा फायदा उघड आहे: ती आधी फाइलची रुंदी-उंची विचारते, निम्मं स्वतः काढते आणि आकडा विषम निघाला तर थांबून सांगू शकते. मी पहिल्याच ओळीत एक अट घातली आहे, की फाइलच्या नावात 'टाइल' नसेल तर काही न करता परत जा. नाहीतर साधा फोटो सेव्ह केला तरी त्याचा पडदा विणला जाईल, आणि स्क्रिप्टनं सेव्ह केलेल्या तपासणी-चित्रावर ती पुन्हा स्वतःच धावण्याची भीती वेगळी.

स्क्रिप्ट लिहिताना क्रम महत्त्वाचा. मोठ्या टाइली आहेत त्या मापात पसरवायच्या म्हटलं तर ६४०० ची टाइल पाच वेळा म्हणजे ३२,००० पिक्सेल, आणि पीएसडी या फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइलची मर्यादा ३०,००० वर संपते. मग साहजिकच वाटतं की आधी टाइल लहान करावी आणि मग पसरवावी. तिथे सापळा आहे. लहान करताना प्रत्येक पिक्सेल आजूबाजूच्या पिक्सेलांतून ठरतो, आणि एकट्या टाइलच्या कडेला पलीकडे शेजारी नसतो. कडेचे रंग किंचित बिघडतात, पसरवल्यावर जाळीसारखी फिकट रेघ दिसते आणि आपण मूळ चित्रात नसलेला दोष शोधत बसतो. योग्य क्रम असा: आधी तीन बाय तीन पसरवायचं, म्हणजे १९,२०० पिक्सेल. ते पीएसडीच्या मर्यादेत बसतं, पण आठ बिटांच्या आरजीबीत नुसते पिक्सेलच एक गिगाबाइटच्या वर जातात हे ध्यानात ठेवा. मग २५ टक्के करायचं आणि मधोमधची १६०० ची टाइल कापून घ्यायची. तिच्या चारी कडांना लहान होताना खरे शेजारी मिळालेले असतात. पुढे तीच हवी तेवढी पसरवा. माझ्या वरच्या बिनकोडाच्या मांडणीत हीच उणीव राहते. तिथे प्रत्येक प्रत एकेकटी लहान होते, म्हणून लहान तुकड्यांतल्या रेघेवर मी विश्वास ठेवत नाही, जोडाचा निकाल पूर्ण मापाच्या तुकड्यावरच लावते.

आणखी दोन भुतं थोडक्यात. अपूर्णांकी झूमवर, समजा ६६.७ टक्क्यांवर, पडद्यावर दिसणारी केसाएवढी रेघ फाइलमध्ये असेलच असं नाही, १०० टक्क्यांवर बघून ठरवा. आणि टाइल जेपेगमध्ये ठेवू नका. जेपेग आठ बाय आठच्या ठोकळ्यांत दाबतं, समोरासमोरच्या दोन कडा वेगवेगळ्या दाबल्या जातात आणि सपाट रंगाच्या जमिनीवर जोड उघडा पडतो. पीएनजी किंवा टिफ.

बाकीच्यांशी तुलना केल्याशिवाय परीक्षण कसलं. क्रिटा हे चित्र रंगवण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि रंगवण्याच्या बाबतीत मी तिला पहिला क्रमांक देईन. डब्ल्यू दाबलं की कॅनव्हास चारी दिशांना संपतच नाही, ब्रश कुठल्याही प्रतीवर फिरवा, फटकारा सगळीकडे उमटतो. इथे आकृत्या उचलून मांडण्याऐवजी थेट रंगवलं जातं, म्हणून पाण्याच्या रंगासारख्या सलग जमिनी मी तिथेच करते. खेळांसाठी दगड-माती-गवताचे पोत करणाऱ्यांना ती आवडते यात नवल नाही. मात्र ग्राफिक्स कार्डाचं अ‍ॅक्सिलरेशन बंद असेल तर ही सोय चालत नाही, आणि हाफ-ड्रॉप इथेही नाही. तोच जोडचौकोनाचा उपाय. पायथन स्क्रिप्टिंग आवृत्ती ४.० पासून आहे, त्यामुळे तो उपायही आपोआप करता येतो.

हाफ-ड्रॉप मुळातून समजतं ते फोटोशॉपच्याच कंपनीच्या इलस्ट्रेटरला. 'पॅटर्न ऑप्शन्स' तिथे सीएस६ पासून आहे. ग्रिड, दोन तऱ्हांचं ब्रिक, दोन तऱ्हांचं षट्कोनी, शिवाय सरकवण्याचं प्रमाण निम्मं, तृतीयांश असं बदलता येतं. 'ब्रिक बाय कॉलम' निम्म्यावर ठेवलं की झालं हाफ-ड्रॉप. शेजारच्या प्रती फिक्या करून दाखवण्याची सोयही छान. एकाच कंपनीच्या दोन सॉफ्टवेअरपैकी एकाला २०१२ पासून हे येतं आणि दुसऱ्याला आठ वर्षांनी प्रिव्ह्यू मिळाला तोही सरळच, हे कोडं मला सुटलेलं नाही. अर्थात इलस्ट्रेटर व्हेक्टरचं, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनलेल्या चित्रांचं. ब्रशनं रंगवलेलं काम तिथे नेऊन उपयोग नाही.

गिंप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये थेट प्रिव्ह्यू नाही. पण तिथला ऑफसेट फोटोशॉपपेक्षा शहाणा आहे, निम्म्यानं सरकवायला एक बटण दिलेलं आहे, आकडा काढत बसावं लागत नाही. आणखी एक जुगाड: टाइल कॉपी केली की ती पॅटर्नच्या यादीत आपोआप पहिल्या जागी येते, मोठ्या कोऱ्या फाइलीत बकेटनं ओता, रिपीट समोर. इंकस्केप या मोफत व्हेक्टर सॉफ्टवेअरच्या 'टाइल्ड क्लोन्स'मध्ये (क्लोन म्हणजे मूळ आकृतीशी जोडलेल्या प्रती) तर गणितातले १७ च्या १७ भिंतकागदी सममिती-गट, म्हणजे नक्षी सपाटीवर पुन्हा पुन्हा पसरण्याच्या तऱ्हा, दिलेले आहेत. ते १७ च असतात हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्हनं १८९१ मध्ये सिद्ध केलं होतं. मूळ आकृती बदलली की सगळे क्लोन बदलतात. खिडकी मात्र अशी, की ती उघडल्यावर आधी श्वास घ्यावा लागतो.

आणि ज्यांच्याकडे टाइलींचा ढीग आहे त्यांनी फोटोशॉप उघडूच नये. इमेजमॅजिक हे आदेशांवर चालणारं, खिडकी नसलेलं साधन एका आदेशात दिलेल्या मापाचा कॅनव्हास टाइलनं भरून देतं. 'रोल'नं चित्र गुंडाळून सरकवतं, म्हणजे हाफ-ड्रॉपचा जोडचौकोन दोन पायऱ्यांत. धूसर करताना 'व्हर्च्युअल पिक्सेल' टाइलवर ठेवलं तर कडेच्या पलीकडे विरुद्ध बाजूचे पिक्सेल आहेत असं ते धरतं, म्हणून एकट्या टाइलचा ब्लरही बिनजोडाचा येतो. फोल्डरमधल्या सगळ्या टाइलींची तपासणी-चित्रं लावून चहाला जावं, परत येईपर्यंत तयार.

नव्यानं शिकणाऱ्यांनी स्क्रिप्टच्या वाटेला लगेच जाऊ नये असं माझं मत. लिंक केलेल्या स्मार्ट ऑब्जेक्टची तपासणी-फाइल एका बैठकीत होते आणि बरीच वर्षं पुरते. पुढच्या आवृत्तीत मला फोटोशॉपकडून एकच हवंय: 'पॅटर्न प्रिव्ह्यू'शेजारी एक छोटा बाण, त्याखाली 'सरळ, हाफ-ड्रॉप, ब्रिक'. तोवर पाचपैकी साडेतीन तारे. तो अर्धा स्क्रिप्ट इव्हेंट्स मॅनेजरचा.